हवा कशी आहे?

"सार्वीनोज, हवा कशी आहे?"

ऑक्टोबरातल्या त्या सकाळी मिर्झोशरीफांनी अंगणातून हाक मारली. रोजचीच हाक. त्यांना विचारायचं असे ऊन-वाऱ्याचं. मुलगी सांगे तो शाळेच्या भिंतीवर तिनेच बसवलेल्या, हवेतली धूळ-धूर मोजणाऱ्या यंत्राचा रंग.

"पिवळी," तिने फोनमध्ये बघून सांगितलं.

"अगं, हवा पिवळी कशी? कावीळ झाली का तिला?"

"धूळ आहे, दादाजान. आत या." वडिलांना ती दादाजानच म्हणे.

"मी म्हणत होतो, बसायचं लाकडी तख्त जर्दाळूखाली ओढू. तूही बस जरा. चहा घेऊ."

"आणि मग खोकत कोण बसणार? आत या म्हणते ना."

"शाळामास्तरीणबाईंचा हुकूम!" असं म्हणत ते आत आले, खिडकीशी बसले, चहात नान बुडवून खात काचेतून झाडाकडे बघत राहिले. हवा चांगली असली तरी ती "हिरवी" एवढंच म्हणे, आणि फोन ठेवून शाळेला पळे. त्या दिवशीही पळाली.

दुसऱ्या दिवशी ते उठलेच नाहीत. झोपेतच गेले.

हिवाळाभर गावावर कोळशाचा धूर बसून होता. आई लहानपणीच गेलेली. आता घरात ती एकटी. सकाळी सवयीने फोन उघडायची, रंग बघायची. विचारायला कुणी नव्हतं.

मार्चअखेर जर्दाळू फुलले. सगळी गल्ली पांढरी-गुलाबी झाली, आणि शेजारच्या ओयनिसो मावशींचं डोकं कुंपणावर उगवलं.

"पोरी, उद्या पहाटे दहिवर गोठणार. रेडिओवर सांगितलंय."

"मग?"

"मग काय! झाडांवर रजया घालू? फुलं गारठून जाऊ नयेत म्हणून धूर करायचा. पहिला तुमच्या अंगणातला."

ही गल्लीची रीत. मिर्झोशरीफांच्या अंगणातून धूर निघाल्याशिवाय कुणी काडी ओढत नसे. एका वर्षी त्यांनी पाहुण्यांसाठी पहाटे नुसता चहाचा सामोवार पेटवला, तर गल्लीने तो इशारा समजून घरोघर ढीग पेटवले, आणि ओयनिसो मावशींच्या लेकीचे लग्नाचे वाळत घातलेले पडदे काळे झाले. ती गोष्ट अजून प्रत्येक लग्नात निघते.

सार्वीनोजला हा धूर कधीच आवडला नव्हता. दरवर्षी ती खिडक्या लावून आत बसे, आणि बाहेर वडील खोकत खोकत ढीग सारखे करत. यंदा काडी तिच्या हातात होती. ती ओढली नाही, तर गल्लीतला एकही जर्दाळू धरणार नव्हता. त्यांचं झाडही नाही.

पहाटे तिने ओला भुसा, पालापाचोळा, छाटणीच्या काटक्या रचल्या. पहिल्या दोन काड्या विझल्या. तिसरीने धूर धरला, जड, जमिनीलगतचा. तो कुंपणावरून पलीकडे उतरला आणि एकेका अंगणातून उत्तर येऊ लागलं. माणसं दिसेनात, नुसते खोकले आणि हाका.

"काय म्हणतंय तुझं यंत्र?" मावशींचा आवाज आला.

"जांभळी!"

"कधी पिवळी, कधी हिरवी, आता जांभळी! नटवी आहे गं तुझी हवा!"

सार्वीनोज हसायला गेली आणि तिला ठसका लागला. डोळ्यांतून पाणी आलं. ते तिने पुसलं नाही. धुरात सगळ्यांचेच डोळे वाहत होते.

ऊन आलं तेव्हा कुंपणावर पांढरा थर होता. तिने फांदी खाली ओढली, एक फूल उलगडून पाहिलं. आतला दांडा हिरवा, टवटवीत.

"वाचली!" ती कुंपणाकडे ओरडली.

"आमचीही!" तिकडून आलं, मग त्याच्या पलीकडून, मग गल्लीच्या टोकाकडून. कुणीतरी परातच वाजवायला लागलं.

दुपारी खोऱ्यातून वारा सुटला. धूर गेला, धूळ गेली, हिमाचे डोंगर अगदी कुंपणाला टेकल्यासारखे दिसू लागले. सार्वीनोजने फोन आत ठेवला. तख्त ओढत ओढत जर्दाळूखाली नेलं, वर रजई पसरली आणि सामोवारात काटक्या घालून तो पेटवला. धुराची एक रेघ सरळ वर गेली.

"अगं सार्वीनोज!" मावशी धावत कुंपणाशी आल्या, हातात भुशाची टोपली. "परत दहिवर? भर दुपारी?"

"चहा आहे, मावशी! नुसता चहा!"

"बापाची लेक गं तू, अगदी बापाची! पलीकडच्यांनी ढीग पेटवलासुद्धा तिकडे!" आणि मावशी हसत, हाका मारत त्यांना थांबवायला पळाल्या.

ती तख्तावर बसली. दोन वाट्यांत चहा ओतला, वडिलांची वाटी त्यांच्या जागी सरकवली. वारा फांद्यांमधून येत होता, गार आणि स्वच्छ.

"हवा छान आहे, दादाजान," ती मोठ्याने म्हणाली. "बाहेरच बसू."