पावडरच्या डब्यातला स्क्रूड्रायव्हर

मित्रांनो, मी एक जुना स्क्रूड्रायव्हर आहे. मूठ लाकडी, पातं चार बोटांचं आणि स्वभाव तिरका. तो तिरका का झाला, तेच सांगतो.

कारखान्यात माझ्यासारखे हजारो जन्मले. मला मात्र विकत घेतलं सिनेतारका कॉरिन व्हेल यांनी, आणि ठेवलं पावडरच्या डब्यात. दोन शॉटच्या मधल्या वेळात बाकीच्या नट्या आरशात बघत बसायच्या, आमच्या बाई झडप जुळवायच्या. आग विझवणाऱ्यांच्या मुखवट्यात बसणारी झडप. श्वास बाहेर जाईल, धूर आत येणार नाही. सात वर्षांनी झडप नीट चालू लागली, तेव्हा स्टुडिओने तिच्यावर आपल्या फोरमनचं नाव घातलं. बाईंना म्हणाले, "तुम्ही फक्त हसा हो, तेवढं पुरे."

बाई गेल्या. त्यांची मुलगी जूडिथ आता सत्तरीची आहे. लॉन्ड्रीमागच्या चाळीस खुर्च्यांच्या थिएटरात आईवर नाटक बसतंय असं कळल्यावर ती मला आणि त्या जुन्या झडपेला कापडात गुंडाळून घेऊन आली.

"झडप आईची होती, एवढं कुणीतरी मोठ्याने म्हणा," ती दिग्दर्शकाला म्हणाली. "मला ते ऐकून मरायचंय."

"अहो जूडिथबाई, नाटकाचा प्राणच आहे तो," डेक्स्टर म्हणाला.

त्याच दुपारी या गृहस्थाने माझ्या पात्याने रंगाचा डबा उघडला. मग मला मेकअपच्या खोलीच्या दाराखाली पाचर म्हणून ठोकलं. झडप कागदांवर वजन म्हणून ठेवली. नाटकात गाऊन पाच आणि झडप एक, तीही पुठ्ठ्याची. शेवटचं वाक्य काय, तर "चला, माझा कॅमेरा वाट पाहतोय." असल्या माणसाची कीव करणंसुद्धा मला महाग वाटतं.

पण या नाटकवाल्यांची एक समजूत आहे. शेवटचं वाक्य पहिल्या प्रयोगाआधी उच्चारायचं नाही, नाहीतर नाटक पडतं. त्यामुळे बाईंचं काम करणारी टेसा प्रत्येक तालमीत तिथे येऊन थांबायची आणि "वगैरे वगैरे" म्हणायची. डेक्स्टर खूश असायचा.

पहिल्या प्रयोगाला टेसाने कागदांवरची खरी झडप उचलली आणि मला दाराखालून उपसलं.

"ते घेऊन कुठे निघालीस?" डेक्स्टरने विचारलं.

"कामाला."

"अगं, गाऊनवर शोभत नाही ते."

"मग बघू नकोस."

शेवटच्या प्रवेशात ती बसली आणि मला हातात घेऊन झडपेचे चारही स्क्रू आवळले. घाई केली नाही. झडप तोंडाला लावून फुंकर मारली, समोरची मेणबत्ती विझली. मग श्वास आत ओढला. आत काही आलं नाही.

"नाव कुणाचंही घाला," ती म्हणाली. "ही मी केली."

पहिल्या रांगेतून जूडिथ म्हणाली, "हो." चाळीसही खुर्च्यांना ते ऐकू गेलं.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की तिसरा गाऊन अप्रतिम होता. डेक्स्टरने ते कात्रण भिंतीवर लावलं. लावू दे.

मी आता जूडिथच्या पर्समध्ये असतो. मित्रांनो, अवजारं पुसून ठेवा, ती वापरून रंगाचे डबे उघडू नका. आणि एखादी बाई काही जुळवत बसलेली दिसली, तर तिच्या कपड्यांचं कौतुक करण्याआधी विचारा, काय बनवताय? सात वर्षांत आमच्या बाईंना हे एकाच माणसाने विचारलं होतं. जूडिथ तेव्हा सहा वर्षांची होती.