आत्याच्या कुंपणाची छाटणी

पितकाठीची झुडपं बेटावरच्या कड्यांवर उरली होती अकरा, आणि अकराच्या अकरा नर. आता बोला! या झुडपात नर वेगळा, मादी वेगळी. मादीला फळ धरल्याशिवाय बी नाही, आणि बी नाही म्हणजे सगळंच संपलं. रोपवाटिका सांभाळणाऱ्या बाईंनी मादी शोधण्यात सात वर्षं घातली होती. कमरेला दोर बांधून कडे उतरल्या, गुडघे फोडून घेतले, एकदा घसरून हात मोडून घेतला. ऑफिसात सगळे त्यांना पितकाठीबाईच म्हणायचे, तेही तोंडावर. आणि साहेबांनी परवाच बजावलं होतं, "या हंगामात बी दिसलं नाही, तर तुमची शेड शोभेच्या कुंड्यांना देतो." शोभेच्या कुंड्या! बाईंच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

अशात आत्याचा फोन. "कुंपण वाढलंय. माझी बोटं आता कात्री धरत नाहीत. येऊन छाटून जा."

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. घरात एकटी, आणि तोंडाचा पट्टा असा की समोरच्याला हूं म्हणायलाही फट मिळू नये. बाई तिचं बोलणं वर्षानुवर्षं या कानाने ऐकून त्या कानाने सोडत आल्या होत्या. ऐकण्यासारखं असायचंच काय त्यात? गुडघे, शेजारीण, नळाचं पाणी, कुंपण. आठवड्यात सुट्टीचा एकच दिवस, तोही गेला. पण नाही म्हणायची सोय नव्हती. आई कामावर गेली की लहानपणी याच आत्याने सांभाळलं होतं.

गेल्या त्या धुसफुसतच. कात्री घेतली आणि फाटकापासून सुरुवात केली. कुंपण कमरेएवढं, बारीक पानांचं, दाट, पावासारखं चौकोनी. लहानपणापासून डोळ्यांसमोर असलेलं. अशा गोष्टीकडे बघतं कोण? हातांना कडवट वास येत होता, पण तो तर त्यांच्या हातांना रोजचाच. रोपवाटिकेतून घरी जाऊन साबण लावला तरी जायचा नाही.

आत्या पायरीवर खुर्ची टाकून मुकादमासारखी बसली होती. "अगं, सरळ रेषेत घे! डोळे आहेत की बटणं?"

"आत्या, मी झाडांचंच काम करते. पगार मिळतो मला त्याचा."

"मिळत असेल. तिकडे वाकडं गेलंय बघ."

बाईंनी दात-ओठ खात कात्री चालवली. डोक्यात साहेब, कुंड्या आणि ते अकरा बिनकामाचे नर. फांद्यांच्या टोकांना मोहरीएवढ्या कळ्या होत्या, त्याही सपासप गेल्या. तासाभरात कोपऱ्यावरचं हातभर कुंपण तेवढं राहिलं. तिथे एक फांदी मनगटाएवढी जाड झाली होती, म्हणून त्यांनी करवत लावली.

"बरं झालं वेळेवर आलीस," आत्या म्हणाली. "एकदा फुललं की मेली ती तांबडी फळं धरतात. मग पाखरं येतात आणि वाळत घातलेल्या चादरींवर घाण करून ठेवतात. म्हणून तर मी फुलूच देत नाही. तीस वर्षांत एकदाही नाही!"

करवत थांबली. चिरेतून हळदीसारखं पिवळं लाकूड दिसत होतं.

बाईंनी एक पान चुरगळून नाकाशी धरलं. वास हातांचा नव्हताच, कुंपणाचा होता. पितकाठी! आणि फळ धरणारी! जिच्यासाठी सात वर्षं कडे पालथे घातले ती इथे आत्याच्या दारात उभी होती, आणि त्यांनी स्वतःच्या हाताने तिची कळी न कळी उडवली होती.

"आत्या! हे मला आधी का नाही सांगितलंस?" बाई जवळजवळ किंचाळल्याच.

"का नाही सांगितलं?" आत्या खुर्चीतून उठली. "दर वर्षी सांगते! फोनवर सांगते, घरी आलीस की सांगते. फळं, पाखरं, चादरी. तुझ्या बापाला पाठ झालंय. तू म्हणतेस, 'हो हो आत्या, ठेवते आता.' सासऱ्यांनी कड्यावरून एक फांदी आणून खोचली, तिचीच ही सगळी पिलावळ. तेही सांगितलंय!"

सांगितलंच असणार. बाई छाटलेल्या ढिगाशेजारी मटकन बसल्या आणि त्यांना रडू कोसळलं.

"रडतेस काय? हे हातभर आहे ना अजून?"

"ते तसंच ठेवावं लागेल. फळं पिकेपर्यंत. पाखरं आली तरी."

आत्याने तोंड वाकडं केलं. "एवढं सरळ कापलंय, आणि टोकाला हा झिपऱ्यांचा झुबका! लोक काय म्हणतील?" मग म्हणाली, "चादरी मागच्या दारी वाळत घालीन. ऊठ, तोंड धू."

त्या हातभर कुंपणाने बाईंचा जीव पुढचे तीन महिने टांगणीला लावला. फुलं आली, ती मादीचीच. बाईंनी नराचे पराग आणून रंगाच्या ब्रशने लावले. फळं धरल्यावर आत्या दिवसभर छत्री घेऊन पाखरं हुसकत बसायची, आणि तेच तेच ऐकून शेजारणीच्या नाकी नऊ यायचे. हाती लागल्या एकवीस बिया. साहेबांनी कुंड्यांचं नाव पुन्हा काढलं नाही. उलट नोंदीचा फॉर्म पाठवला.

बाई तो भरायला आत्याकडेच बसल्या. 'मादी झुडूप प्रथम कोणी ओळखले' इथे त्यांनी आत्याचं नाव लिहिलं. आत्याने चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि वर्ष बरोबर तीस वर्षांपूर्वीचं घालायला लावलं. मग पुढचा रकाना आला: 'नोंद करण्यास उशीर झाल्याचे कारण.'

"दुर्गम जागी होतं, असं लिही," आत्या म्हणाली. "साहेब लोकांना ते खरं वाटतं."

बाईंनी लिहिलं, 'सांगितलेले ऐकले नाही,' आणि खाली सही केली.