पिण्यास अयोग्य

शेवटी तोडगा माझ्या नणंदेनेच काढला. "एकदा जाऊन बघून या," ताई म्हणाल्या. "दोघी मायलेकी जा. डोळे भरून बघा, फोटो काढा. हौस फिटली की विषय बंद."

विषय असा होता की माझ्या लेकीला लांबच्या एका जुन्या विद्यापीठात रसायनशास्त्राला जागा मिळाली होती. राहण्याखाण्यासकट शिष्यवृत्ती होती, त्यामुळे पैशाचं कारण पुढे करता येत नव्हतं. मग बाकीची कारणं निघाली. एवढ्या लांब मुलीला कसं ठेवायचं. आपल्या गावचं कॉलेज काय वाईट आहे. आणि सगळ्यांत हुकमी कारण ताई लेकीला माझ्यासमोरच सांगत: "तुझी आई इथेच शिकली ना? तिचं काय अडलं?"

त्या वेळी मी बहुधा भांडी विसळत असे. लेक माझ्याकडे बघे. मी नळ जरा मोठा करी.

ह्यांचं मत विचारण्यात अर्थ नव्हता. आपलं मत ताईंच्या मतापेक्षा वेगळं असू शकतं, हे ह्यांच्या अजून लक्षात आलेलं नाही.

जागा घ्यायची तर विद्यार्थिनीने पालकाबरोबर तिथल्या खिडकीवर जाऊन तोंडी होकार द्यायचा, असा विद्यापीठाचा जुना रिवाज. मुदत संपली की जागा पुढच्याला. म्हणजे जागा घालवायला काहीच न करणं पुरेसं होतं, आणि काही न करण्यात आमचं घर तरबेज आहे. जायचा दिवस मात्र मी निवडला. त्या दिवशी तिकीट सर्वांत स्वस्त होतं, हे खरं. तो मुदतीचा शेवटचा दिवस होता, हेही खरं. मी पहिलं कारण सांगितलं. दुसरं कुणी विचारलं नाही.

स्वस्त तिकिटाची गाडी प्रत्येक स्टेशनावर थांबत होती, आणि जिथे स्टेशन नव्हतं तिथेही थांबत होती. लेक खिडकीशी बसली होती.

"आई, तू काही ठरवलंयस का?"

"बघून तर येऊ."

"हे आत्याचं वाक्य आहे."

"गाडीभाडं माझं आहे," मी म्हणाले. तिने तोंड फिरवलं, पण हसू लपलं नाही.

खाण्याचे डबे आणि पाण्याच्या दोन बाटल्या माझ्या पिशवीत होत्या. या बाटल्यांविषयी सांगायला हवं. मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. मागे एकदा छापखान्याने घोटाळा केला आणि नव्याकोऱ्या बाटल्यांची खोकी "पिण्यास अयोग्य" असं लाल अक्षरांत लेबल लागूनच आली. तपासणीच्या आधीच निकाल लागलेली बाटली आमच्या काय कामाची? त्या भंगारात निघाल्या. काच जाड, झाकण घट्ट, आत कधी काही भरलेलं नाही. मी काही घरी आणल्या. तेव्हापासून आमचं अख्खं घर त्यांतूनच पाणी पितं. पाहुणे दचकतात. आम्हाला ती अक्षरं आता दिसतही नाहीत.

स्टेशनापासून आम्ही चालत गेलो. बसचे पैसे वाचले आणि शहरही बघून झालं. अरुंद रस्ते, दगडी कमानी, कमानींखाली जुन्या पुस्तकांची दुकानं, भिंतींना टेकवलेल्या असंख्य सायकली. पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झाल्या होत्या. एका कॉफीच्या दुकानाबाहेर लावलेले भाव वाचून लेक म्हणाली, "एवढ्या पैशांत मी कपसुद्धा घरी घेऊन जाईन." आम्ही एका सभागृहाच्या पायऱ्यांवर बसून डबे उघडले. आजूबाजूला तिच्याच वयाची मुलं-मुली बसून खात होती आणि तावातावाने भांडत होती. भांडण कुठल्याशा समीकरणावरून चाललं होतं. लेकीचा घास हातातच राहिला. तिला मधे बोलायचं होतं, ते तिच्या मानेवरून कळत होतं. ती बोलली नाही. घरी तिला तीच सवय लागली आहे.

विद्यापीठाच्या मोठ्या दरवाजातून आत शिरायला मार्गदर्शकासकट तिकीट होतं. दोघींच्या तिकिटांत आमचं जाण्यायेण्याचं भाडं निघालं असतं. बाजूच्या फाटकातून चौकापर्यंत फुकट जाता येत होतं. त्या फाटकावर एक जाडजूड पहारेकरी उभा होता. त्याने पिशवी तपासली आणि बाटल्यांवर बोट ठेवलं.

"पाणी आत चालत नाही. तिथे ओता."

"का?"

"आत मिळतं."

"विकत?"

"मग काय, मी आणून देऊ?"

मी वाद घालणारी बाई नाही. पण चांगलं पाणी गटारात ओतायला सांगितलं की माझं डोकं फिरतं. एक बाटली मी त्याच्यासमोरच उघडली, तोंडाला लावली आणि सबंध रिकामी केली. तोंड पुसून दुसरीला हात घातला, तेव्हा दिसलं की त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरला होता. तो लेबल वाचत होता.

"बाई, काय प्यालात तुम्ही?"

"पाणी."

"त्याच्यावर काय लिहिलंय?"

लेक मदतीला धावली. "काका, आम्ही घरी रोज हेच पितो."

तिच्या बोलण्याने काही मदत झाली नाही. पहारेकऱ्याने दुसरी बाटली काखेत मारली. "तुम्हाला इथे काही झालं तर ते माझ्या गळ्यात येईल. डॉक्टरांकडे चला."

"मला काही झालेलं नाही. संशय पाण्यावर आहे ना, मग पाणी तपासा. तुमच्याकडे रसायनशास्त्राची इमारत असेलच."

त्याने थोडा विचार केला. इमारत समोरच होती. तिच्या दारावर पाटी होती: पाहुण्यांना प्रवेश नाही. अशा रीतीने तिकीट काढूनही जिथे जाता आलं नसतं, तिथे आम्ही पहारेकऱ्याच्या बंदोबस्तात शिरलो.

प्रयोगशाळा उंच छताची होती. लांब टेबलं, वापरून काळवंडलेली लाकडं, त्यांवर नवी यंत्रं. चष्मा कपाळावर सरकवलेल्या एक बाई काचेची भांडी आवरत होत्या. त्यांनी लेबल वाचलं, मग मला न्याहाळलं. मी छापखान्याची हकिकत सांगितली. त्या मनापासून हसल्या. पहारेकरी हसला नाही.

"मला तपासलेलं पाहिजे," तो म्हणाला. "वर कळवावं लागतं."

लेक एव्हाना एका यंत्राजवळ जाऊन उभी होती, हात पाठीमागे बांधून, दुकानातल्या महागाच्या वस्तूसमोर उभं राहावं तशी.

"तू कोण गं?" बाईंनी विचारलं.

"मला इथे जागा मिळाली आहे."

"मिळाली आहे, की घेतली आहेस?"

लेकीने माझ्याकडे पाहिलं नाही. "मिळाली आहे."

"बरं. मग हे तूच तपास. हातमोजे तिथे आहेत. अडलं तर विचार."

माझ्या कॉलेजात असं यंत्र एकच होतं. ते कपाटात असे आणि कपाटाची किल्ली प्राचार्यांकडे असे. आम्ही त्याची आकृती काढायला शिकलो. भागांना नावं देऊन ती मला अजूनही काढता येते.

लेकीने हातमोजे चढवले. तिने छोटी काचेची नळी विसळली, पाणी भरलं, औषध घातलं, नळी यंत्रात ठेवली. आकडा आला. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "हा चूक आहे. मी आधी यंत्र शून्यावर आणलं नाही." चूक कुणी दाखवली नव्हती. तिने ते पाणी टाकून दिलं आणि सगळं पहिल्यापासून केलं. या वेळी आधी यंत्र शून्यावर आणलं.

माझं लक्ष तिच्या आवाजाकडे होतं. घरी ती प्रत्येक वाक्य विचारल्यासारखं बोलते: मी जाऊ का, हे असं आहे का, चालेल का. हे वाक्य तिने विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. चूक होती तिची स्वतःची, आणि तरी ते तिने सांगितलं होतं.

आणखी एकदोन तपासण्या झाल्या. पहारेकऱ्याने विचारलं, "म्हणजे काय?"

"पिण्यास योग्य," लेक म्हणाली. बाईंनी आकडे पाहून मान डोलावली.

"मग ते लेबल काढून टाका."

"निघत नाही," मी म्हणाले. "छापखान्याने तेवढं एक काम चोख केलंय."

"निदान लोकांसमोर तरी पिऊ नका," असं म्हणून त्याने बाटली माझ्या हातात दिली.

निघताना बाई लेकीला म्हणाल्या, "होकाराची खिडकी पाचला बंद होते. आणि ती खरोखर बंद होते."

जिन्यात मी थांबले. आमची स्वस्त गाडी त्याच सुमाराला सुटत होती.

"घ्यायची आहे का तुला ही जागा?" मी विचारलं. इतक्या दिवसांत हे तिला कुणीच विचारलं नव्हतं, मीसुद्धा.

"हो."

"गाडी चुकेल."

"चुकू दे."

खिडकीपुढे रांग होती. आम्ही अर्ध्यावर पोचलो तेव्हा ह्यांचा फोन आला.

"अगं, निघालात का?"

"नाही. रांगेत आहोत."

"कसली रांग?"

"होकाराची."

पलीकडून ताईंचा आवाज आला, काय म्हणते ती? हे म्हणाले, "ताई विचारतेय, काय म्हणतेस."

"रांगेत आहोत म्हणते. तुम्ही काय म्हणता?"

मग हे म्हणाले, "डबा खाल्लात का?"

फोन ताईंनी घेतला. "हे बघ, पोरीच्या डोक्यात नसतं खूळ भरवू नकोस. बघायला पाठवलं होतं तुम्हाला. तू शिकलीस ना इथे? नोकरी करतेस ना? सांग बरं, तुझं काय अडलं?"

या वेळी हाताशी नळ नव्हता.

"अडलं, ताई," मी म्हणाले. रांगेतले दोघेतिघे वळून बघू लागले, पण मी आवाज कमी केला नाही. "आज तिने ज्या यंत्रावर काम केलं, तसल्या यंत्राला मी पहिल्यांदा हात लावला तो नोकरीला लागल्यावर. तोवर नुसती चित्रं काढली. नोकरीत बरोबरीचे पुढे गेले आणि मी बाटल्यांवर चिठ्ठ्या लावत राहिले. माझं पुष्कळ अडलं. मी बोलले नाही, एवढंच."

"कुणाला विचारून चाललंय हे?"

"जिची जागा आहे, तिला विचारून."

लेक समोर बघत होती. तिचे कान लाल झाले होते. मी फोन बंद करून पिशवीत टाकला.

खिडकीतल्या कारकुनाने मान वर न करता विचारलं, "पालक?"

"मी."

"वडील आले नाहीत?"

"एक पालक पुरतो ना?"

त्याने आता वर पाहिलं. "पुरतो."

"मग मी आहे."

तो लेकीकडे वळला. "जागा घेतेस?"

"घेते," ती म्हणाली. त्याने शिक्का मारला.

स्टेशनावर पोचलो तेव्हा आमची गाडी गेलेली होती आणि तिकिटं वाया गेली होती. पुढच्या गाडीची काढली. महिनाअखेर जरा आवळून काढावी लागेल. बाकावर एक गृहस्थ वर्तमानपत्र वाचत बसले होते. त्यांच्या शेजारी बसलो तोच पुन्हा फोन वाजला.

"घरी या, मग बोलू," ताई म्हणाल्या.

"बोलू. पण उशीर होईल, गाडी चुकली आहे."

"अगं, मग जेवणाचं काय?"

"कुकर तुम्ही लावा," मी म्हणाले.

लेकीने पिशवीतून बाटली काढली. शेजारच्या गृहस्थांनी लाल अक्षरं वाचली, एकदा तिच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि ते बाकाच्या टोकाला सरकले. तिच्या ते लक्षात आलं. तिने लेबलाची बाजू नीट त्यांच्याकडे केली आणि घोट घोट करत, अजिबात घाई न करता, ती पाणी प्यायली.