फांदीसाठी राखलेली जागा

"ही जागा भरलेली आहे," वाटाड्या एल्फस हॉलंडहून आलेल्या बाईंना म्हणाला.

उघड्या जीपच्या मधल्या रांगेत माझ्या शेजारची जागा रिकामी होती. बाईंचं नाव आनेके. त्यांनी जागेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कोण यायचंय?"

"जाताना फांदी बसेल. येताना यांचा भाऊ." एल्फसने बंदूक पुढच्या खाचेत अडकवली. "तिकीट काढलंय त्याचं. शिकून इथल्या गवताची मोजणी करणाऱ्या बाई आहेत या, हिशोबाला पक्क्या."

आनेकेबाईंचा नवरा हसला. दुसरं कुणी हसलं नाही, तेव्हा त्याने कॅमेरा मांडीवर ठेवला.

फांदी माझ्या हातात होती, ओल्या फडक्यात गुंडाळलेली. उम्फाफा हे बोरीच्या जातीचं झाड. त्याचे काटे जोडीने येतात, एक सरळ पुढे, एक मागे वळलेला. माणूस घरापासून दूर मेला, की घरचं कुणीतरी ही फांदी घेऊन त्या जागी जातं आणि त्याला हाक मारून घरी आणतं. देह पुरला म्हणजे माणूस आला, असं आम्ही मानत नाही.

माझ्या थोरल्या भावाला, मुझीला, पुरून एक हिवाळा उलटला होता. तो याच अभयारण्यात पर्यटकांना पायी जंगलात न्यायचा. एका धुक्याच्या सकाळी एक पाणघोडा चरून नदीकडे परतत होता आणि मुझीचे पाहुणे त्याच्या वाटेत उभे होते. मुझीने त्यांना एकेक करून रानउंबरावर चढवलं. कुणी कुठल्या फांदीवर बसायचं तेही सांगितलं म्हणे. स्वतः चढायला त्याला वेळ उरला नाही.

तेव्हापासून आई धड जेवत नव्हती. "फाटकापर्यंत येतो आणि उभा राहतो," म्हणायची. "आणायला कुणी गेलंच नाही, तर आत कसा येईल?" तिच्या मनगटातलं मण्यांचं कडं आता कोपरापर्यंत सरकायचं. फाटकाशी कोण उभं राहतं हे मला ठाऊक नव्हतं. कडं मात्र मला दिसत होतं. आणखी एक हिवाळा तिने काढला नसता.

खरं तर मोठ्या काकांनी जायचं. पण त्यांना कमरेमुळे जीपमध्ये चढता येईना, आणि त्या जागी बंदूकवाल्या वाटाड्याशिवाय कुणाला सोडत नाहीत. म्हणून पर्यटकांच्या फेरीत ही जागा. निघताना काकांनी घरच्या फाटकाशी फांदी माझ्या हातात दिली.

"पूर्ण नाव घे, फिंदी. बापाचं, आज्याचं, पणज्याचं. सगळं कूळ. आणि मोठ्याने, घसा बसला तरी चालेल. मग घर येईपर्यंत त्याच्याशिवाय कुणाशी बोलायचं नाही. वळण आलं की त्याला सांग, ओढा आला की सांग. नाहीतर वाट चुकेल."

"काका, तो वाटाड्या होता."

"मेल्यावर सगळेच नवखे असतात, पोरी."

मुझी गेला त्या उंबराखाली जमीन टणक होती, पुढे नदीकडे चिखल. पलीकडचा काठ दुसऱ्या देशाचा. चिखलात टायर कापून केलेली एक चप्पल अर्धी रुतली होती. एल्फसने ती पायाने बाजूला सारली.

"पलीकडून कामाला येतात, अंधारात, पोहत," तो पाहुण्यांना म्हणाला. "सगळेच पोचत नाहीत. इथे मगरी आहेत."

"त्यांना न्यायला कोण येतं?" आनेकेबाईंनी विचारलं.

"कुणाला ठाऊकच नसतं, तर येणार कोण?"

मी गुडघे टेकले, फांदी जमिनीला लावली. माझ्या मागे कॅमेऱ्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. कुळाची नावं मला लहानपणापासून पाठ होती. पण ती ओरडायची, अशी गुडघ्यांवर, कॅमेऱ्यासमोर?

"चल," मी पुटपुटले. "चल, घरी जाऊ. आई वाट बघतेय."

एवढंच. उठताना फांदी जड लागली. फडकं भिजलेलं आहे, मी मनाशी म्हटलं.

परतताना मी हळू आवाजात त्याला वळणं सांगत होते. पिवळ्या खोडांची झाडं संपली, आता कोरडा ओढा, आता चढ. जिराफांपाशी जीप थांबली तेव्हा आनेकेबाई मागून वाकल्या.

"हे पाणी कुठून येतंय?"

राखलेल्या जागेखाली पत्र्यावर पाणी साचलं होतं. गढूळ, तळाशी बारीक वाळू. फडकं मी पिळून पाहिलं, केव्हाच वाळलं होतं. मला बोलायची मुभा नव्हती. एल्फसने आरशातून पाहिलं आणि जिराफ सोडून जीप हाणली.

आईने गोल झोपडी सकाळीच शेणाने सारवून ठेवली होती. आमच्याकडे दारातून आत गेल्यावर उजवी बाजू पुरुषांची, डावी बायकांची. मुझी ताडासारखा उंच, येताजाता चौकटीच्या लाकडावर डोकं आपटायचा. मला तिथे वाकावं लागत नाही, डोक्यावर वीतभर जागा उरते.

"वाक रे," आई दारातून म्हणाली. मी फांदी घेऊन आत शिरले. आई चौकटीकडे बघत राहिली. मग तिने फांदी मागच्या भिंतीशी, पूर्वजांच्या जागी ठेवली.

सकाळी तिने मला हात धरून आत नेलं. सारवण अजून ओलसर होतं. डाव्या बाजूला, दाराजवळ, त्यात एक खळगा उमटला होता, कुणी गुडघे पोटाशी घेऊन बसावं तसा. मी खाली बसून पाहिलं. कडांना बारीक वाळू होती. आमच्या अंगणात वाळू नाही.

"बायकांच्या बाजूला बसलाय," आई म्हणाली. "आणि काल चौकट वाजलीच नाही, कारण त्याला वाकायची गरजच नाही. बुटका आहे. फिंदी, तू कसं बोलावलंस?"

मी सांगितलं.

"नुसतं 'चल'?" काका काठी आपटत ओरडले. "नदीवर जाऊन नुसतं 'चल, आई वाट बघतेय' म्हणालीस? अगं, तिथे ज्याला ज्याला आई असेल तो उठेल! एवढं शिकून स्वतःच्या बापाचं नाव घेता येईना तुला?" ते दाराकडे वळले. "वैदूला बोलावतो. हाकलून देऊ त्याला."

"कुठे हाकलणार, दादा?" आई म्हणाली. "त्याच्या गावाची वाट तुम्हाला ठाऊक आहे का?"

तिने वाडग्यात विरजलेलं दूध ओतलं आणि खळग्यापुढे ठेवलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "माझा अजून तिथेच आहे. जा."

अभयारण्याच्या फाटकाशी एल्फस मला पाहताच म्हणाला, "पुन्हा जागा राखू?" या वेळी तो चेष्टा करत नव्हता. "परवाचं पाणी मीच पुसलं. मुझी तर कोरड्या जमिनीवर गेला होता, बाई."

या खेपेला जीपमध्ये एक मोठं कुटुंब होतं, सगळ्यांचे फोन वर. उंबराखाली मी नवी फांदी घेऊन गुडघे टेकले आणि ओरडले. मुझिकायिसे! मथेंजवांच्या घरातल्या! मग बाप, आजा, पणजा, त्याच्या वरचे सगळे. आवाज फाटला तरी थांबले नाही. पलीकडच्या काठावरचे बगळे एकदम उडाले. नंतर इतकं शांत झालं, की मला पाठीमागे कुणाचाही श्वास ऐकू येईना.

मग नदीकडच्या लव्हाळ्यांत काहीतरी हललं. एका जागी नाही, काठाने लांबवर, एकापाठोपाठ एक, माणसं उठून उभी राहावीत तसं. वारा नव्हता. एल्फसने बंदुकीवर हात ठेवला, मग काढला.

"मुझी," मी म्हणाले. "फक्त मुझी." आणि मागे न बघता जीपकडे चालू लागले. चालताना, मागे ठेवलेल्या त्या सगळ्यांपुढे मला लाज वाटत होती.

परतीची वळणं मी मोठ्याने सांगितली. पत्रा शेवटपर्यंत कोरडा राहिला.

आई दारात उभी होती. "वाक!" ती म्हणाली.

मी आत पाऊल टाकलं आणि माझ्या डोक्यावर, वीतभर वर, लाकूड धाडकन वाजलं. छपराचं वाळकं गवत माझ्या केसांत पडलं. आईने दोन्ही हात तोंडावर ठेवले. "किती वेळा सांगायचं तुला," ती हातांआडून म्हणाली. "किती वेळा." त्या संध्याकाळी ती पोटभर जेवली.

तिने जमीन नव्याने सारवली होती. सकाळी आम्ही दोघी आत गेलो. डावी बाजू सपाट होती, हाताने फिरवलेलं सारवण जसंच्या तसं. उजव्या बाजूला दोन खळगे होते, एक रुंद, एक लहान, अगदी शेजारी शेजारी. लहान खळग्याच्या कडांना वाळू होती.

"पाहुण्यांना जागा दाखवायची खोड गेली नाही त्याची," आई म्हणाली आणि दूध आणायला उठली.

मी बसून राहिले. बाहेर कुत्रं फाटकाकडे तोंड करून उभं होतं, भुंकत नव्हतं. फाटकाखाली, रस्त्याच्या बाजूला, माती ओली झाली होती.

"आई," मी म्हणाले, "किती वाडगे आणतेस?"