चूळमहाराजांची लाल परात

घाटंजीच्या आठवडी बाजारात त्या दिवशी भाजीपेक्षा थुंकीला गर्दी जास्त होती. चूळमहाराज पाटावर बसलेले, समोर पितळी परात, हातात पिवळ्या काढ्याचा तांब्या.

"निंब, लवंग, हळद अन् गुरूची फुंकर," महाराज सांगत होते. "कापसावरची अळी फवारून मरत नाही, दातांवरचं किटण घासून जात नाही. दोघांलेही मंत्रच लागते. भरा चूळ."

त्या साली बोंडअळीने असं रडवलं होतं, की 'अळी मरते' म्हटलं की माना आपोआप वळत. देवराव चूळ भरून थुंकला. परातीत लालभडक.

"हे दातातलं विष. घाबरू नका, अजून चार चुळा."

पाचवी चूळ पिवळीच पडली. देवराव निर्विष झाला आणि त्या आनंदात त्याने तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पन्नी उघडली.

मला माणसं मोजायची खोड आहे. तासाभरात एकवीस तोंडं झाली: पंधरा लाल, सहा पहिल्यापासून पिवळी. पिवळ्यांना महाराज 'पुण्यवान' म्हणत. त्यांत चार बाया, एक कंडक्टर आणि मी. माझं पुण्य मला ठाऊक असल्यामुळे संशय आला.

मग मोटारपंप दुरुस्त करणारा हबीब मिस्त्री पुढे आला. गाल लिंबाएवढा सुजलेला, अंगात ताप. यवतमाळच्या दातांच्या डॉक्टरने त्याला दुसऱ्या दिवशी बोलावलं होतं. त्याचीही थुंकी लाल पडली आणि चेहरा उजळला.

"आता यवतमाळले कायले जाऊ?" तो बायकोला म्हणाला. "विष तं इथंच निघून राह्यलं."

शमसुन्निसा परातीत बघत राहिली. "शादाबचे अब्बा, पायावर मोटर पडली तवा मी काय लावलं होतं?"

"हळद अन् चुना."

"रंग कसा आलता?"

हबीबने परातीत डोकावलं. "लाल."

"महाराज, हळद तुमच्या तांब्यात हाय. चुना ह्यांच्या तोंडात. सकाळपासून तीन खर्रे झाले."

"भाभी, श्रद्धा नसली की विष दिसत नाही."

"मले तं लय दिसून राह्यलं." तिने पानठेल्यावरून बोटभर चुना आणला, वाटीत काढा ओतून ढवळला. काढा लाल झाला. "घ्या. वाटीचेबी दात किडले."

"मंग माही पाचवी चूळ पिवळी काहून?" देवरावने विचारलं.

"चुना धुवून गेला, भाऊजी. साध्या पाण्यानंबी गेला असता."

मी खिसे दाखवायला सांगितले. हबीबच्या आधीच्या पंधराच्या पंधरा लालांकडे खर्रा निघाला. महाराजांना एकाएकी पांढरकवड्याचं बोलावणं आठवलं.

हबीब तरी अडलाच. "पण ठणका कमी झाला ना."

"लवंगेनं ठणका झोपला. पू जागाच हाय. चला."

दुसऱ्या दिवशी यवतमाळला डॉक्टरांनी पू काढला, दाढही काढली. म्हणाले, आणखी दोन दिवस थांबला असतात, तर सूज गळ्यात उतरून श्वास अडला असता.

निंबा-लवंगेच्या चुळेशी माझं भांडण नाही. तोंड ताजं राहतं, रोजच्या घासण्याला जोड मिळते, दातांवरचा मऊ थर थोडा आटोक्यात राहतो. पण दगड झालेलं किटण तिने विरघळत नाही, हिरडीतल्या पुवापर्यंत ती पोचत नाही. म्हणून एवढंच सांगतो: गाल सुजला, तर गर्दी कुठे आहे ते पाहू नका. सरळ एसटी पकडा.