एकाच डीपीवरचे पंप

आम्रपाली आणि तिचा भाऊ संजय बीडमध्ये वीज येताच शेतपंप आपोआप सुरू करणारे ऑटो स्टार्टर बनवतात. त्यातलं सॉफ्टवेअर खुलं, फुकट मिळणारं; इतर कंपन्याही तेच वापरतात. चकलांबा गावात वीज आली की एका डीपीवरचे, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवरचे, सगळे पंप एकदम सुरू व्हायचे, व्होल्टेज पडायचं आणि यांचे स्टार्टर जळून परत यायचे. आम्रपालीने पंप मागेपुढे सुरू करणारा कोड लिहिला आणि तो सगळ्यांसाठी खुला करायचं ठरवलं.

"येडी झालीस का, आम्रे? मेहनत आपली अन् धंदा त्यांचा?"

"दादा, आपल्याच स्टार्टरचा पंप थांबून काय उपयोग? बाकीचे एकदम सुरू झाले की आपला डबा जळणारच."

"अन् त्यांचे डबे खपले मंग?"

"खपू दे. आपण कोड विकत न्हाई, डबा विकतो. तो टिकला पायजे."

खुल्या प्रकल्पाच्या तपासनिसांनी दोनदा चुका काढल्या. तिने दोन्ही वेळा त्या दुरुस्त केल्या. कोड स्वीकारला गेला आणि पुढच्या अपडेटबरोबर इतर कंपन्यांच्या स्टार्टरमध्येही पोहोचला. रब्बीत चकलांब्याहून एकही स्टार्टर परत आला नाही. रिकाम्या झालेल्या दुरुस्तीच्या टेबलापाशी संजय नवे स्टार्टर जोडायला बसला.