खिशावरून गेलेली वेल

लाल दोरा बांधलेली एक टाचणी, बरणीत, बाकीच्या टाचण्यांत मिसळलेली.

म्हातारीचा उजवा हात. पांघरुणावरून इकडे, मग तिकडे, मग परत इकडे.

"राखाडी दोरा संपत आलाय गं. जरा आणतेस?"

कागदावरची वेल. तिला पानं आहेत, फूल एकही नाही.

"पुढे ती उभी होती."

हे सगळे एकाच गोधडीचे तुकडे. जोडले की असे बसतात.

थोरली आणि धाकटी या सख्ख्या जावा. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं मशीन आहे, आणि ते आहे म्हणून त्या खोलीत दुसरं काही मावत नाही. लोक कापडाचे तुकडे जोडून आणतात. या दोघी त्याखाली कापसाचा थर आणि अस्तर घालतात, तिन्ही थर रुळांवर ताणतात आणि वरून नक्षीची शिवण मारून देतात. नक्षी मारायची तर मशीनच्या मागे उभं राहावं लागतं. तिथे लांबलचक कागदावर वेल छापलेली. तिच्यावरून उजेडाचा ठिपका फिरवत न्यायचा, की पलीकडे सुई कापडावर तशीच वेल काढत जाते. म्हणजे शिवणारीचे डोळे कागदावर आणि सुई भलतीकडेच. थोरली म्हणायची, "दुसऱ्याचा भांग आपण पाठमोरं उभं राहून पाडायचा, तसलं काम हे." म्हणून घरातला नियम: एकीने मागे शिवायचं, दुसरीने पुढे कापडावर नजर ठेवायची. काही आडवं आलं की पुढचीने म्हणायचं, थांबा.

नाक्यावरच्या औषधवाल्याने गोधडी आणली ती त्याच्या वडिलांच्या शर्टांची. वडील गेले, बहिणीने शर्ट कापून जोडले. मधोमध एका शर्टाचा खिसा होता तसा ठेवला होता.

"वहिनी, हा तेवढा उघडा राहू दे हं. आईला आता दिसत नाही. खिशात हात घालून झोपेन म्हणते."

"काळजीच नको," थोरली म्हणाली, आणि विसरायला नको म्हणून त्याच्यादेखत खिशाला लाल दोऱ्याची टाचणी लावली.

काम सुरू झालं. खिसा जवळ येऊ लागला तशी तिने टाचणी काढून बरणीत टाकली, कारण सुई टाचणीवर पडली तर सुई मोडते. मग दोरा संपत आलेला दिसला, म्हणून धाकटीला दुकानात पिटाळलं. आता थांबायला हवं होतं. पण हात लागला होता. वेल अशी सुरेख वळत होती की मध्येच थांबवणं जिवावर आलं. एवढी ओळ, म्हटलं, मग थांबू. एवढी ओळ संपवून ती पुढच्या बाजूला आली आणि बघते तर वेल खिशावरून गेलेली. एक पान चुकलेलं नाही. आपलीच आपल्याला दृष्ट लागावी अशी शिवण.

तेव्हाच उसवलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. थोरलीने रूळ फिरवला आणि तो भाग आत गुंडाळून टाकला. म्हातारीला दिसत तर नाहीच, हा विचार तिच्या मनात आला. तो विचार आपल्याला आला हे तिला पुढे कित्येक दिवस पटेना. धाकटी दोरा घेऊन आली, घाम पुसत म्हणाली, "ताई, खिसा झाला का?"

"झाला."

गोधडी गेली आणि चार दिवसांत काखेत बसून परत आली. औषधवाला दारातच हसत होता.

"वहिनी, काम फक्कड झालंय. पण आई रात्रभर चाचपडते. म्हणते, खिसे कापणारे ऐकले होते, खिसा शिवणारे पहिल्यांदाच बघतेय."

तो चिडला असता तर थोरली खरं बोललीही असती. पण तो हसला, आणि त्या हसण्यापुढे आपण उघड्या पडलो असं तिला वाटलं. जीभ तिच्याआधी धावली.

"पुढे ती उभी होती."

धाकटी कोपऱ्यात अस्तराची घडी घालत होती. तिने घडी पुरी केली. थोरलीकडे एकदा बघितलं, मग त्याच्याकडे.

"नीट करून देऊ, भाऊ."

त्या दुपारी दोघी गोधडीच्या दोन बाजूंना बसल्या. वरून थोरली, खालून धाकटी. एकीने टाका कापायचा, दुसरीने ओढायचा. शर्टाचं कापड इतकं जुनं की सुईची भोकं तशीच राहिली, वेलीचा आकार धरून.

"राग आला का गं?"

"राग कशाला?" धाकटी अस्तराखालून म्हणाली. "मशीन तुमचं, गिऱ्हाईक तुमचं. चूकही तुमचीच राहिली असती तर बरं दिसलं असतं, एवढंच."

"सांगते मी त्याला."

"सांगा हो. मी कुठे धरलंय तुम्हाला?"

दुसऱ्या दिवसापासून धाकटीने पुढे उभं राहणं सोडलं. "माझी नजर कच्ची आहे म्हणतात," ती दारावर आलेल्या बाईला म्हणाली, थोरलीच्या समोर. बाई म्हणाली, "ऐकलंय." थोरलीने मान खाली घालून दोरा ओवला. तो लवकर ओवलाच जाईना.

गोधडी पोचवायला ती स्वतः गेली. आज सांगायचंच, असं वाटेत घोकत. औषधवाला आत पाणी आणायला गेला. म्हातारीने अंगावर गोधडी ओढली, चाचपडली, आणि हात सरकन आत गेला. बोटं भोकांवरून फिरली.

"इथे काय टोचलंय गं?"

"टाके होते, आजी. उसवले."

"मुलगा म्हणत होता, तुझी जाऊ नवीन आहे. रागावू नकोस हो तिला."

थोरली खाली वाकली. "आजी, ती नव्हतीच तिथे. मीच होते. मीच शिवला."

म्हातारीचा श्वास संथ झाला होता. हात खिशात, तोंड किंचित उघडं. किती ऐकलं, ऐकलं की नाही, काही कळायला मार्ग नव्हता. थोरलीला क्षणभर हलकं वाटलं, आणि लगेच त्या हलकेपणाची शरम वाटली. झोपलेल्या माणसाला कोणीही खरं सांगेल.

औषधवाला पेला घेऊन आला. "काही म्हणालात का वहिनी?"

"नाही. म्हटलं, झोपल्या."

घरी धाकटी मशीनचं तेल पुसत होती.

"काय म्हणाल्या आजी?"

"खिसा सापडला म्हणाल्या."

"आणि भाऊ?"

थोरलीने चपला जागेवर लावल्या, मग परत नीट लावल्या. "ते आत होते."

धाकटीने फडकं पिळलं आणि दोरीवर टाकलं.

दोरा आणायला निघताना धाकटी उंबऱ्यात वळून म्हणाली होती, "ताई, मी येईपर्यंत खिशाकडे जाऊ नका हं."